वाइनच्या चवीला आपल्या जिभेवरचे शब्द कोणते?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी.

गेले वर्षभर आम्ही पाच जण महिन्यातल्या एका शनिवारी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर जमतो आणि दोन-तीन प्रकारच्या वाइन शेजारी शेजारी ओतून चाखतो. हेतू पिण्याचा कमी आणि समजून घेण्याचा अधिक असतो, असे आम्ही घरी सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. प्रत्येकाने आपल्या वहीत चवीची नोंद करायची आणि शेवटी ती वाचून दाखवायची, असा आमचा नेम आहे.

परवा या सगळ्या वह्या एकत्र चाळल्या, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांत आमचे असे फारसे काहीच नाही. कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही तांबडी वाइन असली की ‘ब्लॅककरंट, सीडारचे लाकूड, तंबाखू’. सोव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी असली की ‘गूजबेरी आणि नुकतेच कापलेले गवत’. शिराझ ही तांबडी असली की ‘ब्लॅकबेरी आणि काळी मिरी’. हे शब्द बाटलीच्या पाठीवरच्या चिठ्ठीतून थेट आमच्या वह्यांत उतरले आहेत. पाचांपैकी एकानेही गूजबेरी खाल्लेली नाही, सीडारचा वास घेतलेला नाही, आणि ब्लॅककरंट आम्हाला ठाऊक आहे ती आइस्क्रीमच्या दुकानापुरती. परीक्षेत गाईडमधले उत्तर लिहून यावे, तशातली ही गत झाली.

म्हणून येथे विचारतो. ज्याचे नाक आणि जीभ कोल्हापुरात घडली, त्याने वाइनची चव कोणत्या शब्दांत सांगावी? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की हे वास पेल्यात खरोखर असतात, की वाचल्यामुळे आपल्याला आल्यासारखे वाटतात?

आठवी गल्ली:
माझ्या मते ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ हे दोन शब्द या कामाला पुरेसे आहेत आणि ते दोन्ही कोल्हापुरात मुबलक मिळतात.

निवृत्त रसायन:
आठवी गल्ली यांच्या दोन शब्दांनी हॉटेलातले काम भागेल, पण धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न त्यांनी सुटत नाही. मी पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे वर्गात दिल्यासारखे होईल. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी ओळखते. आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, आणि तो वास समोरून नाकात शिरण्याऐवजी घशाच्या मागच्या वाटेने वर चढतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहा. तोंडात थोडासा गोडवा आणि चोथा एवढेच जाणवेल. चिमटी सोडताच बडीशेप एकदम ‘येते’. वाइनचेही तसेच आहे, म्हणूनच चाखणारे लोक घोट तोंडात घोळवत वर थोडी हवा ओढतात. तो आवाज ऐकायला बरा वाटत नाही, पण त्याला कारण आहे.

आता हे वास खरे असतात का? पुष्कळसे असतात. ढबू मिरचीचा वास पायराझिन गटातल्या ज्या संयुगामुळे येतो, तेच संयुग कॅबर्ने सोव्हिन्यॉन आणि सोव्हिन्यॉन ब्लाँच्या द्राक्षांतही असते, आणि फळ पुरते पिकण्याआधी तोडले तर ते अधिक प्रमाणात उरते. मस्कत द्राक्षातला लिनालूल हा सुगंधी घटक धण्यातही असतो. लोण्याचा वास येणाऱ्या शार्डने या पांढऱ्या वाइनमध्ये डायअसेटिल नावाचे संयुग असते आणि लोण्याचा वासही त्याचाच असतो. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमधल्या मिरीच्या वासाचे मूळ शोधले, तेव्हा रोटंडोन नावाचे संयुग सापडले. खऱ्या काळ्या मिरीला तिचा वास देणारे संयुगही तेच. त्याच अभ्यासात असेही दिसले की सुमारे पाचांपैकी एका माणसाला हा वास मात्रा बरीच वाढवली तरी येत नाही. तुमच्या गच्चीवर पाच जण आहेत, म्हणजे एखादा गृहस्थ वर्षभर केवळ चिठ्ठी पाहून मिरी लिहीत असण्याचा संभव आहे.

पंचगंगाकाठ:
सर, तो गृहस्थ मीच असावा, अशी मला आता दाट शंका येते आहे.

आठवी गल्ली:
सरांचा आदर ठेवून एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समध्ये बोर्दो येथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक तांबडी वाइन देऊन वर्णन करायला सांगितले, आणि पुढच्या खेपेस तीच पांढरी वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. ज्यांचा हा अभ्यासाचाच विषय होता, ते चमचाभर रंगाला फसले; मग राजारामपुरीच्या गच्चीवर काय होत असेल, याचा विचार करावा.

निवृत्त रसायन:
प्रयोग खरा आहे आणि आपण तो नेमका सांगितलात. मात्र त्यातून वास खोटे ठरत नाहीत, तर डोळा नाकाच्या पुढे चालतो एवढे ठरते. चिठ्ठी हाही एक रंगच आहे, कारण ‘गूजबेरी’ वाचल्यावर नाक गूजबेरी शोधू लागते. उपाय सोपा आहे: बाटली वर्तमानपत्रात गुंडाळावी, कोणी कोणाशी न बोलता लिहावे आणि मगच वह्या उघडाव्यात. दोघांनी स्वतंत्रपणे एकच शब्द लिहिला, तर त्या शब्दाला काही वजन आहे.

माहेर आजरा:
मला धाग्याच्या पहिल्या प्रश्नाबद्दल, म्हणजे शब्दांबद्दल बोलायचे आहे, कारण येथे भाषांतराने बराच घोळ घातला आहे. गूजबेरीचे मराठी अनेक ठिकाणी ‘आवळा’ असे केलेले दिसते आणि ते साफ चूक आहे. आवळ्याला इंग्रजीत ‘भारतीय गूजबेरी’ म्हणतात खरे, पण ते वेगळ्या कुळातले फळ आहे. ‘केप गूजबेरी’ म्हणजे आपल्याकडे कागदी आवरणात मिळणारी रसभरी, आणि तीही वाइनच्या चिठ्ठीवरची गूजबेरी नव्हे; ती म्हणजे युरोपातले एक लहान, हिरवट, आंबट फळ. त्यामुळे कोणी सोव्हिन्यॉन ब्लाँमध्ये आवळा शोधू लागला तर त्याला तो कधीच सापडणार नाही आणि दोष बिचाऱ्या नाकाला मिळेल.

आमच्या घरी ही वाइन आली, तेव्हा मी चिठ्ठी न वाचता वास घेतला. मला कोथिंबिरीचे देठ आले, कैरीचा चीक आला आणि मागून अर्धवट पिकलेला पेरू आला. आमचे हे म्हणाले की तू स्वयंपाकघर सोडून विचारच करत नाहीस. मी म्हटले, नाक तिथेच शिकले तर दुसरे काय आठवणार?

‘ड्राय’ या शब्दाचेही असेच झाले आहे. लोक त्याचे ‘कोरडी वाइन’ असे भाषांतर करतात आणि मग वाइन कोरडी कशी, असे नवखा माणूस विचारतो. वास्तविक ड्राय म्हणजे जिच्यात साखर जवळपास उरलेली नाही अशी, साधारणपणे लिटरला ४ ग्रॅमच्या आतली. तिला ‘अगोड’ म्हणावे. आपल्याकडे शब्द तयार असताना तो कोरडा का करायचा? शिवाय तोंड कोरडे करणारी वाइन हा निराळाच प्रकार आहे, आणि तिच्यात गोडी असूनही ती तोंड कोरडे करू शकते.

निवृत्त रसायन:
आजऱ्याच्या ताईंचा पेरू शास्त्रालाही मान्य होण्यासारखा आहे. पेरूच्या वासात जी गंधकयुक्त संयुगे असतात, त्यांतली काही सोव्हिन्यॉन ब्लाँमध्येही सापडतात. स्वयंपाकघरातून बाहेर पडण्याचे काहीच कारण नाही.

हिरडा बाभूळ:
ताईंनी तोंड कोरडे होण्याचा विषय काढला, म्हणून लिहितो. मी वाइन वर्षातून दोनदा पीत असेन, पण हा मुद्दा मला पिढीजात ठाऊक आहे, कारण आमच्या घरात कोल्हापुरी चपलांचे काम चालत आले आहे.

तांबडी वाइन प्यायल्यावर जीभ टाळूला चिकटल्यासारखी होते, दातांवरून जीभ फिरवली तर ती घसरत नाही, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. याला कारण टॅनिन. हा शब्दच मुळी कातडे कमावण्याच्या क्रियेवरून आला आहे. आपल्याकडे चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यांतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून बसते आणि कातडे टिकाऊ होते. वाइनमधले टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून येते, आणि तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरते. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की तोंडाला खरखर जाणवते. थोडक्यात, तुम्ही गच्चीवर बसून स्वतःची जीभ कमावता.

याला मराठीत ‘तुरट’ हा एकच शब्द पुरतो, पण त्याला पायऱ्या लावता येतील. आमच्याकडे लहान मुलालाही तुरटपणाचे प्रकार ठाऊक असतात. पिकल्या जांभळाचा तुरटपणा गोडव्याच्या आड असतो. ओल्या सुपारीचा घसा धरतो. फार उकळलेल्या चहाचा जिभेच्या कडांना लागतो. डाळिंबाची साल चुकून दाताखाली आली तर सारे तोंड आवळते, आणि हिरडा म्हणजे शेवटची पायरी. ‘मध्यम टॅनिन’ असे लिहिण्यापेक्षा ‘जांभळाइतकी तुरट’ किंवा ‘सुपारीवर गेलेली’ असे लिहिले, तर माझ्या आईलाही कळेल.

वैद्यांचा नातू:
हिरडा बाभूळ यांनी मांडलेली पायरी फारच उपयोगी आहे. षड्रसांतला ‘कषाय’ तो हाच, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके त्याला चव मानायलाच तयार नसली, तरी आपल्याकडे त्याला गोड-आंबटाच्या पंक्तीत पहिल्यापासून मानाचे पान आहे. एक सावधगिरी मात्र सुचवतो. ग्रंथातले शब्द तसेच उचलू नयेत, कारण आयुर्वेदातला ‘कटु’ म्हणजे आपला तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपला कडू. कोणी वाइनला ‘कटु’ म्हटले तर वाचणारा ती कडू समजेल आणि लिहिणाऱ्याच्या मनात मिरची असेल.

तेवढ्यावरून आठवले, की नवखे लोक आंबट, तुरट आणि कडू यांची फार सरमिसळ करतात. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटले आणि दात आंबल्यासारखे झाले, तर ते आम्ल. तोंडाचे पाणी पळाले तर तुरट. जिभेच्या मागे काही रेंगाळले आणि पाणी प्यायल्यावरही गेले नाही, तर कडू. वाइनचे बाकी काही कळले नाही तरी या तीन गोष्टी पहिल्या दिवशी कळू शकतात.

तालमीतला पोरगा:
मी एका वासाबद्दल विचारू इच्छितो. मागच्या दिवाळीत मामाने पुण्याहून एक जुनी तांबडी वाइन आणली होती आणि चिठ्ठीवर ‘मातीचा सुगंध’ असे काहीसे होते. सगळे म्हणाले, पहिल्या पावसाची माती. मला ती पावसाची माती अजिबात वाटली नाही. मला थेट तालमीतला हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, आठवला.

ज्यांनी हौद्यात पाय ठेवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तालमीतली तांबडी माती नुसती माती नसते. तीत ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर असे काय काय मुरवलेले असते, आणि वर पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम असतो. पहाटे हौदा उकरला की जो वास येतो तो आंबूस, थंड, थोडासा औषधी आणि माणसाळलेला असतो. त्या वाइनमध्ये हे सगळे होते. मी तसे बोललो, तेव्हा मामाने माझ्या हातातला पेला काढून घेतला. हा शब्द वाइनला लावणे योग्य आहे का, की ही वाइनची निंदा झाली?

निवृत्त रसायन:
निंदा मुळीच नाही. पहिल्या पावसाच्या वासात जिओस्मिन नावाचे संयुग असते आणि त्याला नाक अत्यंत हळवे असते, परंतु वाइनमध्ये त्याचे प्रमाण वाढले तर तो दोष मानतात. जुन्या तांबड्या वाइनमधला ‘माती, चामडे, तबेला’ हा वास पुष्कळदा ब्रेटानोमायसिस नावाच्या किण्वाचे (यीस्टचे) काम असते. थोडा असला तर काहींना आवडतो, फार झाला तर सगळे नाक मुरडतात. ‘हौदा’ हा शब्द त्या मिश्रणाला ‘माती’पेक्षा कितीतरी अचूक बसतो, कारण त्यात आंबूसपणा आणि घाम दोन्ही आले. पेला परत मागून घ्यावा.

निपाणीकर:
पंचगंगाकाठ यांच्या यादीत ‘तंबाखू’ हा एक शब्द मात्र उसना नाही, एवढे नोंदवून ठेवतो. आमच्या गावात वखारीवरून नुसते चालत गेले तरी तो वास कपड्यांत बसतो. पण कॅबर्नेमधला तंबाखू विडीचा, सिगारेटचा किंवा धुराचा नसतो. तो सुकवलेल्या, न पेटवलेल्या पानाचा असतो, किंचित गोडसर आणि गवती. ज्यांना तंबाखू म्हटल्यावर धूर आठवतो त्यांना तो सापडणार नाही.

गुळाचा सौदा:
मी वाइन पीत नाही आणि प्यायचा विचारही नाही, पण हा धागा सकाळपासून वाचतो आहे, कारण आमच्या धंद्यात हेच चालते. सौद्याला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, लावला की जाणकार माणूस एक कपचा फोडून रंग बघतो, कण बघतो, जिभेवर ठेवतो आणि दोन शब्द बोलतो. ‘खारा आहे’, ‘करपला आहे’, ‘कण चांगला’, ‘चिकट निघेल’. प्रत्येक शब्दामागे भाव बदलतो, त्यामुळे कोणी उगाच बोलत नाही. खाऱ्या जमिनीतल्या उसाचा गूळ खारटच लागतो आणि तो कुठल्या बाजूच्या रानातला असेल, याचा अंदाज जुन्या लोकांना बसत असे. वाइनमध्येही जमिनीची चव उतरते असे ऐकले आहे. ते गुळासारखेच असते का?

तासगावची बाग:
दादा, गुळासारखे थेट नसते. उसाच्या रसातले क्षार आटवल्यावर गुळातच राहतात, म्हणून जमीन जिभेला कळते. वाइनबद्दल ‘खडकाची चव’, ‘खनिजांची चव’ असे लिहिलेले असते, पण वेलीची मुळे खडकाची चव चोखून घडात आणतात, असे काही होत नाही. जमीन पाणी किती धरते, रात्री किती थंड होते, वेलीला ताण किती बसतो, यांतून फरक पडतो.

आमची बाग खाण्याच्या द्राक्षांची आणि बेदाण्याची आहे, पण पलूसला वाइन पार्क झाले तेव्हा आमच्या भागात काहींनी वाइनच्या जाती लावून पाहिल्या, त्यामुळे दोन्ही पाहिले आहे. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते. खायला द्याल तर पाहुणा तोंड वाकडे करील. आपण खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास करतो, म्हणून माल थंडी संपता संपता आणि उन्हाच्या तोंडावर येतो. युरोपात तो उन्हाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरकडे येतो. ऊन आणि गरम रात्री लागल्या की फळातले आम्ल झपाट्याने उतरते. तोडणीची तारीख एक आठवडा चुकली तरी तीच वाइन दात आंबवणारी होण्याऐवजी मचूळ होते. वाइनवाले लोक बागेत येऊन द्राक्ष नुसते चाखत नाहीत, बी चावून बघतात. बी हिरवी आणि करकरीत तुरट लागली तर थांबतात, तपकिरी होऊन खमंग लागली तर तोडणीचे बोलतात.

‘मचूळ’ हा शब्द वहीत जरूर घ्या. ज्या वाइनमध्ये आम्ल नाही तिला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण मराठीत ती मचूळच.

आठवी गल्ली:
एवढी सगळी शब्दसंपत्ती जमली असताना कोल्हापूरच्या धाग्यावर तांबड्या रश्श्याचा उल्लेख अजून आलेला नाही, हे शहराच्या लौकिकाला शोभणारे नाही. तांबड्या रश्श्याबरोबर तांबडी वाइन, असा माझा सरळ हिशेब आहे.

माहेर आजरा:
आठवी गल्लीवाले दादा, हा हिशेब आम्ही एकदा पाहुण्यांसमोर करून बसलो आहोत. रश्श्याचा झणका आणि तुरट तांबडी वाइन एकत्र आल्यावर जिभेला फक्त आग कळली, वाइन कळलीच नाही आणि रस्साही कळला नाही.

निवृत्त रसायन:
ताईंच्या अनुभवाला कारण आहे. तिखटाची जळजळ ओळखणारा तोंडातला ग्राही आणि भाजणारी उष्णता ओळखणारा ग्राही एकच आहे, आणि अल्कोहोलमुळे तो आणखी हळवा होतो. म्हणून १४ टक्के अल्कोहोलची वाइन रश्श्याची आग वाढवते, आणि तुरटपणाची खरखर त्यावर मीठ चोळते. तिखटासोबत हवीच असेल तर थंडगार, कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घ्यावी. पांढऱ्या रश्श्याची गोष्ट वेगळी. तिथे नारळाचे दूध बरेच काही सांभाळून घेते. पण चव टिपायची असेल तर चाखणे जेवणाआधी उरकावे. रश्श्यानंतर लिहिलेल्या नोंदींवर मी विश्वास ठेवणार नाही.

सांगलीनाका:
या चर्चेत तापमानाचा मुद्दा राहू नये, म्हणून एक अनुभव लिहितो. एका हॉटेलात, नाव घेत नाही, मी एप्रिलमध्ये तांबडी वाइन मागवली. बाटली गल्ल्यामागच्या फळीवर दिव्याखाली उभी होती आणि हाताला गरम लागत होती. पहिल्या घोटाला नाकात फक्त स्पिरिटचा भपका आणि शिजलेल्या मुरंब्याचा वास आला. मी तक्रार केली, तर उत्तर मिळाले की रेड वाइन खोलीच्या तापमानालाच द्यायची असते. ती खोली युरोपातली, दगडी भिंतींची आणि थंड हवेची होती, हे त्यांना कोणी सांगितले नसावे. तांबडी वाइन १६ ते १८ अंशांना बरी लागते आणि पांढरी ८ ते १२ अंशांना. आपल्या उन्हाळ्यात तांबडी बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उलट पांढरी वाइन बर्फासारखी गार केली तर तिचा वास मिटून जातो आणि वहीत लिहायला काही उरत नाही.

निवृत्त रसायन:
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागाकर्त्यांना काहीतरी हाती लागले पाहिजे. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठातल्या ॲन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांचे एक चक्र मांडले. मधल्या वर्तुळात ‘फळ’, ‘मसाला’, ‘माती’ असे ढोबळ शब्द आणि बाहेर सरकत जावे तसे नेमके शब्द, अशी त्याची रचना आहे. त्या चक्रात ‘राजस’, ‘खानदानी’, ‘डौलदार’ असल्या शब्दांना जागा नाही, कारण दोन माणसे त्यांचा अर्थ पडताळून पाहू शकत नाहीत. बाहेरची कड मात्र त्यांनी आपल्या भोवतालच्या वस्तूंवरून भरली आणि आपण ती आपल्या वस्तूंवरून भरू शकतो. मधले ‘मसाला’ तसेच राहील, पण बाहेर दगडफूल, लवंग, नागकेशर येईल. ‘सुके फळ’ याच्या बाहेर तासगावचा बेदाणा आणि खारीक. ‘गोड, आटवलेले’ याच्या बाहेर काकवी.

सरावासाठी एक स्वस्त, फारसा वास नसलेली पांढरी वाइन लहान पेल्यांत घ्यावी. एकात ढबू मिरचीचा तुकडा काही मिनिटे बुडवून काढावा, दुसऱ्यात चार ठेचलेल्या मिऱ्या, तिसऱ्यात लवंग, चौथ्यात काकवीचे दोन थेंब, पाचव्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कपटा. वर बशी झाकावी, पेल्यांची अदलाबदल दुसऱ्याने करावी आणि नुसत्या वासावरून ओळखावे. पुठ्ठ्याचा पेला अर्थातच पिऊ नये. तो बुचाचा दोष, म्हणजे खराब बुचामुळे वाइनला लागणारा कुबट वास, ओळखण्यासाठी आहे.

पंचगंगाकाठ:
मंडळी, तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण सरांचा सराव करून मगच बोलायचे ठरवले होते. मिरीच्या पेल्यापाशी माझी शंका खरी ठरली. इतर चौघांना तो वास दुरूनच आला आणि मला नुसती पांढरी वाइन आली. वर्षभराच्या वहीतून ‘मिरी’ हा शब्द मी पेन्सिलीने खोडतो आहे.

काल गच्चीवर तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. आठवी गल्ली यांना मुद्दाम सहावे पाहुणे म्हणून बोलावले होते. पहिली निघाली नाशिकची सोव्हिन्यॉन ब्लाँ. तिघांनी ‘कोथिंबिरीचे देठ’ किंवा ‘ढबू मिरची’ लिहिले होते, एकाने ‘पेरू’, आणि गूजबेरी कोणीही लिहिली नाही. दुसरी अकलूजच्या बाजूची सांजोव्हेजे, म्हणजे मूळ इटलीतली जात. तिच्यासाठी दोन वह्यांत एकमेकांना न विचारता ‘आमसूल’ हा शब्द आला, आणि तुरटपणा पाचांपैकी चौघांनी ‘सुपारी’ असा नोंदवला. पाचव्याने ‘हिरडा’ लिहिले, पण त्याने हिरडा कधी चाखलेला नाही, असे चौकशीअंती कळले. हिरडा बाभूळ यांनी त्याच्यासाठी एक पाठवून द्यावा.

तिसरी बुचाची शिराझ होती. आम्ही पाचही जण ‘मंद फळ’, ‘संयत’, ‘थोडी मिटलेली’ असे सांभाळून लिहीत बसलो. आठवी गल्ली यांच्या कागदावर पहिल्या दोन बाटल्यांपुढे ‘आवडली’ आणि तिसरीपुढे ‘नाही आवडली’ एवढेच होते. का नाही आवडली, असे खोदून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ऐन पावसाळ्यात गगनबावड्याच्या एका लॉजवर उतरलो होतो, तिथल्या गादीचा वास येतो आहे.” आम्ही सगळ्यांनी पुन्हा वास घेतला. गादीच होती. मग सरावातला पुठ्ठ्याचा पेला आठवला आणि आमची तोंडे पाहण्यासारखी झाली.

निवृत्त रसायन:
तो बुचाचाच दोष. ट्रायक्लोरोअनिसोल नावाचे संयुग अत्यल्प मात्रेतही फळाचा वास दाबून टाकते आणि कुबटपणा पुढे करते. ‘संयत’ आणि ‘मिटलेली’ हे तुमचे शब्द त्या दाबलेल्या फळाचेच होते. वहीत ‘गादी’ असे लिहून पुढे ‘बाटली बदलून आणावी’ अशी टीप द्या.

आठवी गल्ली:
मी माझे दोन शब्द मागे घेतलेले नाहीत, मात्र ‘गादी’ हा तिसरा शब्द आपण सर्वांनी वापरण्यास माझी हरकत नाही. बाटली दुकानात परत नेण्याचे काम माझ्याकडेच आले आहे, आणि दुकानदाराला गादीचे कसे समजावून सांगावे, हे कोणी सुचवले तर आभारी राहीन.

माहेर आजरा:
दादा, त्यांना पेला द्या आणि काही बोलू नका. वास त्यांनाही येईल.